नोकरी सांभाळून शिकताना

गेल्या महिन्यात आमच्या थोरल्या बंधूंचा नातू नामपल्लीच्या घरी आला होता. पदविका घेऊन तो एका कारखान्यात नोकरीस लागला आहे, लग्नही ठरले आहे. "आजोबा, नोकरी न सोडता इंजिनिअरिंगची पदवी घेता येईल का?" असा त्याचा सरळ प्रश्न होता. उत्तर तितके सरळ नव्हते, म्हणून हे चार शब्द.

आम्ही १९७९ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९८१ साली सरकारी नोकरीत सुपरवायझर म्हणून रुजू झालो. वडील निजामी अमलात तामीरात खात्यात कारकून होते. मुलगा कागदावर रेघा ओढू लागला याचेच त्यांना अप्रूप. आमचे समाधान मात्र फार टिकले नाही. नकाशा आम्ही काढावा, मेजरमेंट बुक आम्ही लिहावे, आणि वयाने चार वर्षे धाकट्या पदवीधराने खाली सही करावी, हा नित्याचा क्रम. त्यात त्या पदवीधराचा काही दोष नव्हता. पण सल तो सलच.

कॉलेजात जाऊन पुन्हा बसणे संसारी माणसास शक्य नव्हते. तेव्हा नोकरदारांस एक मार्ग होता, 'ए.एम.आय.ई.' परीक्षांचा. १९२० साली स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' ही संस्था या परीक्षा घेई. मुख्य कचेरी कलकत्त्यास, आणि तीही गोखले मार्गावर! त्या पत्त्यावर पत्र लिहिताना आम्हाला उगीचच आपलेपणा वाटे. 'सेक्शन ए' आणि 'सेक्शन बी' असे दोन टप्पे, वर्षातून दोनदा परीक्षा. वर्ग नाही, गुरुजी नाहीत. पुस्तके आणि आपण. उत्तीर्ण होणाऱ्यास सरकारी नोकरीपुरते पदवीधराच्या बरोबरीचे मानीत. १९८६ साली आम्ही खैरताबादच्या केंद्रात जाऊन अर्ज आणला.

या मार्गास काहीजण 'मागचे दार' म्हणत. त्यांना ठाऊक नसावे की पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ रूप, १८५४ साली उघडलेली शाळा, सार्वजनिक बांधकामांवरील दुय्यम कर्मचारी तयार करण्यासाठीच होती. मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर आपल्या या नगरीस पाचारण झालेले विश्वेश्वरय्या त्याच पुण्याच्या महाविद्यालयात शिकले. ज्या दारातून दुय्यम माणसे आत गेली, ते दार मागचे कसे?

रात्री दहा ते बारा ही आमची अभ्यासाची वेळ. स्टेशनावरील गाड्यांच्या शिट्ट्या हेच घड्याळ. रविवारी अफझलगंजच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसत असू. गणिताने आम्हास पुष्कळ छळले. विसरलेले कलन पस्तिशीकडे झुकताना पुन्हा शिकणे म्हणजे गंजलेले कुलूप उघडणे. पण काही आनंद असे, की ते कॉलेजातल्या पोरांना मिळणे कठीण. छज्जा ओतताना सळ्या वरच्या अंगास बांधायच्या, हे आम्ही मेस्त्रीकडून शिकलो होतो. पुस्तकाने त्याचे कारण सांगितले : एका बाजूने धरलेला छज्जा वाकतो तेव्हा ताण वरच्या बाजूस येतो, आणि काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही, तो पोलादाने घ्यायचा. पाच वर्षे हाताने केलेले काम त्या रात्री डोक्याने केले. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन तोच छज्जा आम्ही पुन्हा पाहून आलो.

आता जे सांगावयाचे ते सोपे नाही. १९९१ च्या डिसेंबरातील परीक्षेत आमचा एक पेपर दोनदा गेलेला, तिसरी खेप होती. सायंकाळी पेपर देऊन घरी आलो तर दारास कुलूप. शेजारच्या वहिनींनी सांगितले, मुलीला घेऊन सौ. दवाखान्यात गेल्या आहेत. सहा वर्षांच्या मुलीस तीन दिवस ताप होता, कावीळ निघाली होती. आम्ही त्याच घरात होतो आणि आम्हास पत्ता नव्हता. "तुमचा पेपर होऊन जाऊ दे, म्हणून सांगितले नाही," सौ. इतकेच म्हणाल्या. मुलगी महिनाभराने बरी झाली. त्या वर्षी नुमाइश पाहावयास तिला नेता आले नाही. एवढे मात्र ती आजही आठवण काढून सांगते. पेपर सुटला होता.

१९९३ साली 'सेक्शन बी' पूर्ण झाला, नाव पदवीधरांच्या यादीत गेले, बढती मिळाली आणि २०१७ साली मानाने निवृत्त झालो. प्रमाणपत्रावर नाव एकाचेच आहे.

नातवास आम्ही व्यवहार सांगितला. ए.एम.आय.ई.ची ती समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांपुरतीच राहिली. पत्राद्वारे पदवी देऊ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. मान्यतेवाचून दिलेल्या तसल्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये गदा आणली आणि नोकरदारांची कैक वर्षे पाण्यात गेली. मात्र तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून मान्यताप्राप्त महाविद्यालयांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळांत वर्ग चालविण्याची मुभा दिली आहे. महाविद्यालयाची मान्यता स्वतः तपासून घे आणि तेथे जा.

"आणि आधी होणाऱ्या बायकोला विचार," आम्ही म्हणालो.

सौ. चहा घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "ती हो म्हणाली, तरी दर वर्षी पुन्हा विचार."

नातू हसला. आम्ही मात्र कपाकडे पाहत राहिलो. त्या सात वर्षांत आम्ही त्यांना एकदाही विचारल्याचे आठवत नाही.