मणिबेलीच्या पाण्यावर

अक्कलकुवा तालुक्याच्या टोकास, नर्मदेच्या दक्षिण तीरावर मणिबेली नांवाचें गांव आहे. एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून गतवर्षीं पावसाळा सरतांच मी तेथें गेलों. आमच्या मंडळींस हा बेत मुळींच पसंत नव्हता. या वयांत नावेंतून हिंडणें त्यांस पोरकटपणाचें वाटलें, व तें कांहीं अगदींच खोटें नव्हे.

परिक्रमा करून आलेल्या वडील माणसांच्या तोंडून शूलपाणीच्या झाडीचें वर्णन वाचकांनीं ऐकलें असेल. तोच हा मुलूख. परंतु आज येथें वाहती रेवा दिसत नाहीं. डोंगरांच्या घड्यांत शिरलेलें सरदार सरोवराचें निश्चल पाणी दिसतें. महाराष्ट्रांत या पाण्याचा पहिला तडाखा १९९३ च्या पावसाळ्यांत याच गांवास बसला. पुढें शूलपाणेश्वराचें पुरातन देवालयही बुडालें. नवें देवालय गुजरातेंत गोरा येथें उभारलें आहे. गांवचे कांहीं लोक पुनर्वसनाच्या वसाहतींत गेले, कांहीं वर डोंगरउतारावर सरकून राहिले.

आमचा नावाडी तडवी, वयानें माझ्याच बरोबरीचा. सोबत त्याचा आठनऊ वर्षांचा नातू. निम्म्या वाटेंत म्हाताऱ्यानें वल्हें उचलून धरलें व पाण्याकडे बोट दाखवून तो नातवाशीं बोलूं लागला. त्यांची बोली मला समजेना, माझ्या विद्यार्थ्यानें अर्थ सांगितला : "इथें आपलें शेत. तिथें तुझ्या पणज्याचें घर, दारांत मोहाचें झाड. त्याच्या खालच्या अंगाला खळें." मुलानें त्या सपाट पाण्याकडे नीट निरखून पाहिलें व विचारलें, "आणि आंबा कुठें?"

या प्रश्नानें मी चकित झालों. तीस वर्षें मी वर्गांत सांगत आलों कीं, हत्यारें वापरणारा प्राणी तो मनुष्य. वस्तुतः १९६० सालींच आफ्रिकेंतील गोम्बे येथें जेन गुडाल यांनीं एका चिंपांझीस वारुळांत काडी घालून वाळवी काढून खातांना पाहिलें, आणि ती व्याख्या कोलमडली. मला हें फार उशिरां कळलें. तोंवर कित्येक मुलांच्या वह्यांत माझी चूक उतरून गेली होती.

हितोपदेशांतील प्रसिद्ध श्लोक धर्म हा मनुष्याचा विशेष मानतो. परंतु शास्त्रज्ञांस मोजतां येईल असें कांहीं तरी हवें असतें. मेंदू मोजतां येतो. याच नर्मदेच्या कांठीं, पुष्कळ वरच्या अंगास, मध्यप्रदेशांतील हाथनोरा येथें १९८२ सालीं अरुण सोनकिया यांस एका आदिमानवाच्या कवटीचा भाग सांपडला. त्यावरून मेंदूची पोकळी ११०० घनसेंटिमीटरांहून अधिक असावी असें अनुमान निघालें. आजच्या माणसाची सरासरी १३५० च्या घरांत आहे. अंतर आहे, पण फार नाहीं. आणि ती माणसें आपसांत काय बोलत असतील, हें कवटीवरून वाचतां येत नाहीं.

बोलणें तरी केवळ आपलेंच कोठें आहे? केनियांतील व्हर्व्हेट माकडें बिबळ्या, गरुड व साप यांसाठीं निरनिराळे इशारे देतात. मधमाशी नाचून दृष्टीआडच्या फुलांची दिशा व अंतर सांगते. हें उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांस १९७३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र तीं फुलें आज फुललेलीं असावीं लागतात. पणजीच्या वेळचें झाड आतां राहिलें नाहीं, ही वार्ता कोणतीच माशी पोळ्यांत सांगत नाहीं. जें समोर नाहीं त्याविषयीं बोलण्याची ही शक्ति चार्ल्स हॉकेट या भाषाशास्त्रज्ञानें १९६० सालीं भाषेच्या लक्षणांत गणली. पाणिनीनें तर वक्त्यानें स्वतः न पाहिलेल्या भूतकाळाकरितां लिट् हा लकार निराळाच सांगितला आहे! मुलांस तो कंटाळवाणा वाटे. त्याचें मोल मलाही नावेंत बसेपर्यंत पुरतें कळलें नव्हतें.

या खोऱ्यांतील पुष्कळ शेतें जंगलजमिनीवरचीं; त्यांची नोंद सरकारी दप्तरांत नव्हतीच. अशा शेताचा उतारा म्हाताऱ्यांच्या तोंडींच असायचा. त्या मुलानें आंबा कधीं पाहिला नव्हता, घरीं ऐकला मात्र असावा. आणि आजोबांच्या सांगण्यांत तो राहून गेल्याचें त्याच्या ध्यानांत आलें होतें.

म्हातारा घुटमळला. समोरच्या दोन टेकड्यांकडे पाहून त्यानें नाव थोडी मागें घेतली, थांबविली, पुन्हां मान हलविली. "अजून त्या बाजूला," असें कांहींसें पुटपुटून त्यानें वल्हें मुलाच्या हातीं दिलें.