चौदा सुयांची भीती

कुत्रे चावले की पोटात चौदा सुया, आणि त्या सुयांनी माणूस लुळा होतो, हे बोलणे कृषी खात्याच्या नोकरीत मी किती गावांत ऐकले याची गणती नाही. शिकलेली मंडळी याला अडाणीपणा म्हणतात. मी म्हणत नाही. आमच्या भावकीतले तात्या मी डोळ्यांनी पाहिले आहेत. 1983 साली त्यांना पिसाळलेले कुत्रे चावले. सुया सुरू झाल्या आणि दहा-बारा दिवसांत पाय जड पडले, लघवी अडली. पुढे सहा महिन्यांनी काठी टेकत ते बांधापर्यंत जाऊ लागले.

ती लस 1911 साली कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी तयार केली होती. मेंढीच्या मेंदूत रेबीजचे विषाणू वाढवायचे, फिनॉलने ते मारायचे आणि तो घोटलेला मेंदूच टोचायचा. तिने असंख्य जीव वाचवले, हेही सांगितले पाहिजे. पण मेंदूबरोबर मायलीनही अंगात जायचे.

मोटारीच्या केबलवर रबर असते ना, तसे आपल्या मज्जातंतूंवर चरबी आणि प्रथिनांचे आवरण असते. तेच मायलीन. मेंढीचे आणि माणसाचे मायलीन बरेच सारखे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. लशीतले मायलीन पाहून थोड्या लोकांत या पेशी त्यालाच शत्रू समजत. मग त्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरत. तिथे घरचेच मायलीन दिसले की सायटोकाइन नावाची रसायने सोडून इतर पेशींना हाक देत. त्या हाकेने रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, आणखी पेशी आत येतात, सूज चढते आणि भक्षक पेशी तंतूंवरचे आवरण सोलून खातात. रात्री रानात डुक्कर आले म्हणून एकाने आरोळी द्यावी, चहूकडून माणसे काठ्या घेऊन धावावीत आणि अंधारात आपलेच उभे पीक तुडवावे, तसा हा प्रकार. आवरण गेले की मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. ते काही अंशी पुन्हा तयार होते, म्हणून तात्या चालू शकले.

हे कळायला वर्षे लागली. 1930 च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाचा निरोगी मेंदू वारंवार टोचला. त्यात विषाणू नव्हता, तरी काही माकडे लुळी पडली. 1987 मध्ये ही लस घेऊन आजारी पडलेल्या थायलंडमधल्या रुग्णांच्या रक्तात मायलीनच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारातही असेच आवरण झडते. त्यावरचे, पेशींना मेंदूत शिरू न देणारे एक औषध अशाच प्रयोगांतून पुढे निघाले.

गेल्या वर्षी खरिपाच्या सभेला गेलो होतो. एका आजींच्या नातवाच्या पोटरीला कुत्रे चावलेले, जखमेवर चुना-हळद थापलेली. दवाखान्याचे नाव काढताच आजी म्हणाल्या, "सायेब, पोरगं लंगडं करायचं व्हय?"

मी म्हटले, "आजी, तुमचं म्हणणं त्या काळी खरं होतं. पण ती मेंदूची लस आपल्या देशात बनवायचं 2004 च्या डिसेंबरातच थांबलं. आताची लस पेशींवर वाढवतात, तिच्यात मेंदू नसतो. सुई पोटात नाही, दंडात देतात."

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग पोराला म्हणाल्या, "चप्पल घाल."

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तेव्हा चावल्याबरोबर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जखमेतून रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेतच देण्याचे वेगळे औषध असते, ते मागून घ्यावे. आणि पहिल्या सुईनंतर बरे वाटते म्हणून पुढच्या तारखा चुकवू नयेत. डॉक्टर कागदावर लिहून देतात, तो कागद देवळीत जपून ठेवावा.