अर्थाआधीची अक्षरे

लाकडी पट्टीवर सात सोंगट्या मांडलेल्या असतात : ए, ई, आय, एन, आर, एस, टी. या सात रोमन अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधावयाचा असतो. नवखा खेळाडू अशा वेळी ओठ हलवू लागतो. काहीबाही उच्चारून पाहतो आणि कानाला एखादा परिचित ध्वनी लागतो का, याची वाट पाहत बसतो. मुरलेला खेळाडू पुष्कळदा तीच अक्षरे वर्णानुक्रमाने लावतो आणि त्यांच्याकडे नुसता पाहतो. पाहता पाहता त्याला त्यांत ‘रिटेन्स’ दिसतो, ‘रेटिनाज’ दिसतो, चरबीतले ‘स्टीअरिन’ दिसते, राळेचा स्वाद असलेले ग्रीक मद्य ‘रेट्सिना’ दिसते आणि ‘अधिक ओंगळ’ या अर्थाचा ‘नॅस्टिअर’ही दिसतो. डोळ्यांचा पडदा, चरबी, मद्य आणि ओंगळपणा यांचे हे नाते व्युत्पत्तिशास्त्राला ठाऊक नाही. वर्णानुक्रमाने लावलेली ती सात अक्षरे हेच त्यांचे गोत्र. संगणकही असे शब्द याच रीतीने हुडकतो : प्रत्येक शब्दाची अक्षरे क्रमाने लावावयाची आणि ज्यांचा साचा एक, ते शब्द एकत्र ठेवावयाचे.

मराठी वाचकाला हा उद्योग थोडा परका वाटतो, आणि त्याचे कारण लिपीत आहे. ‘कमल’ची अक्षरे फिरवून ‘कलम’ केले, तर लिपीबरोबर उच्चारही फिरतो. ‘राजा’ उलटा केला तरी काने आपापल्या व्यंजनाला धरूनच राहतात. देवनागरीतला स्वर व्यंजनाचा हात सहसा सोडीत नाही. इंग्रजीत मात्र ‘ए’ हे अक्षर ‘रिटेन्स’मध्ये शेजारच्या ‘आय’शी मिळून एक दीर्घ स्वर होते आणि ‘रेट्सिना’च्या शेवटी अस्फुट अकार होऊन राहते. म्हणून तिथे कानाचा उपयोग थोडा. हा शोध डोळ्यांचाच आहे.

या खेळाला, म्हणजे स्क्रॅबलला, जन्म देणारा आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुविशारद. १९३० नंतरच्या महामंदीत त्याचे काम गेले. रिकामपणी त्याने वृत्तपत्रांची पाने घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते, हे मोजून काढले. शंभर सोंगट्यांपैकी ‘ई’च्या बारा, ‘एस’च्या मात्र चारच, अनेकवचन करणे फार सोपे होऊ नये म्हणून. ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांची एकेकच सोंगटी, आणि गुण दहा. निर्मात्यांनी त्याचा खेळ नाकारला. पुढे १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने त्याला आजचे नाव दिले. बेकार माणसाने वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचण्याऐवजी त्यांतली अक्षरे मोजीत बसावे, यात विषाद आहे की विनोद, हे सांगणे अवघड आहे. त्याच्या मोजदादीतून अक्षराला दुर्मिळतेची किंमत आली. शब्दाच्या अर्थाला मात्र काहीच किंमत आली नाही. आपल्याकडचा ‘फकीर’ इंग्रजी कोशात एकाहून अधिक वर्तन्यांनी गेला आहे : ‘के’ घालून लिहिला तर बारा गुण, ‘क्यू’ घालून लिहिला तर सतरा. फकीर तोच, झोळीही तीच.

अर्थाला वगळण्याची ही रीत शेवटास नेली ती न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्‌सने. २००७ मध्ये मुंबईत भरलेली इंग्रजी स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा त्याने जिंकली, तेव्हा निदान भाषा तरी त्याची होती. २०१५ मध्ये त्याने फ्रेंचमधील जागतिक अजिंक्यपदही मिळविले, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. सुमारे नऊ आठवड्यांत त्याने त्या खेळाची शब्दसूची पाठ केली होती. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही हेच घडले. याला भाषा येत नाही, असा आक्षेप तत्काळ घेता येतो, आणि तो खराही आहे. पण तो आक्षेप घेणाऱ्या फ्रेंच भाषकांना पटावर त्याला हरवता आले नाही, हेही तितकेच खरे.

मराठी शाळेतून गेलेल्या पिढ्यांना हा प्रकार अगदीच अनोळखी वाटू नये. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी अनेकांची त्या भाषेशी गाठ पाचवीत पडे, आणि ती प्रथम अक्षरांशीच पडे. वर्गभर एका सुरात स्पेलिंगे घोकली जात. ‘नाइफ’मध्ये आरंभी ‘के’ का, याचे उत्तर मास्तरांपाशी नसे आणि प्रश्न विचारण्याची प्राज्ञा मुलांपाशी नसे. तीही न बोलता येणाऱ्या भाषेची शब्दसूचीच पाठ करीत होती, तीही नऊ आठवडे नव्हे, वर्षानुवर्षे. पुढे शालान्त परीक्षेत इतर विषय सुटूनही केवळ इंग्रजीपायी कित्येकांचे शिक्षण तिथेच थांबले. त्यांच्या प्रश्नपत्रिकेत अर्थही विचारलेला असे.