मांड

तेरेखोल नदी बांद्यावरून वाहत आरोंद्यापाशी येते, तेव्हा तिला समुद्राची चाहूल लागलेली असते. पात्र रुंद होते, वेग मंदावतो आणि पाणी भरती-ओहोटीच्या तंत्राने मागेपुढे होऊ लागते. अलीकडे सावंतवाडी तालुका, पलीकडे गोव्यातील पेडणे. काठाला माड, माडांच्या आड कौलारू घरे आणि घरांपलीकडे भाताचे कुणगे. या चित्रात बैल आहेत, म्हशी आहेत, होड्या आहेत. परंतु घोडा कोठेही नाही. अरुंद पाणंदी, पावसाळ्यातील चिखल आणि पावलोपावली आडवी येणारी खाडी यांना घोड्याची टाप कधी मानवलीच नाही.

नवलाची गोष्ट अशी की, घोडे एके काळी याच किनाऱ्याने हिंदुस्थानात येत. अरबस्तानातून आणि इराणातून जहाजांवर चढविलेले घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि सह्याद्रीचे घाट चढून विजयनगरच्या व विजापूरच्या पागांत जात. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला, त्यानंतर हा किफायतशीर व्यापार त्यांनी आपल्या मुठीत ठेवला. घोडे आले, परंतु राहिले नाहीत. कोकणाने त्यांना वाट दिली. दावण दिली नाही.

म्हणूनच आरोंद्याच्या एका मुलाने आयुष्यात पाहिलेला पहिला घोडा लाकडी होता. शिगम्याच्या दिवसांत खाडीपलीकडच्या पेडणे भागात घोडेमोडणी नाचतात. नाचणाऱ्याच्या कमरेला लाकडी घोड्याचे तोंड व रंगीत वस्त्रांचे अंग बांधलेले असते. डोक्यावर शोभिवंत फेटा, हातात तलवार, पायात घुंगरू. आणि ढोलताशांच्या ठेक्यावर हा स्वार दोन पावले पुढे, दोन पावले मागे असा डौलाने झुलतो. मुलगा आजोबांच्या होडीतून तो सोहळा पाहायला गेला होता. परतताना होडीत तो एक शब्दही बोलला नाही. तसा तो एरवीही फारसे बोलत नसे. परंतु त्या संध्याकाळचे मौन निराळे होते. त्याच्या डोळ्यांपुढे घोडा नाचत होता.

बारा वर्षांचा झाल्यावर त्याला घाटावरील एका निवासी शाळेत घालण्यात आले. तेथे अश्वारोहण शिकवीत असत. नावे द्यावयाची होती, तेव्हा या मुलाने हात वर केला. वर्गात उत्तर येत असूनही हात खाली ठेवणारा हा मुलगा त्या दिवशी हात वर करून बसला, याचे त्याचे त्यालाच नवल वाटले.

खरा घोडा पाहिल्यावर मात्र त्याचे नवल ओसरले. त्याच्या वाट्याला आलेली घोडी भीमथडी जातीची होती. भीमेच्या खोऱ्यात वाढलेली ही जात काटक. मराठ्यांच्या घोडदळात तिने नाव मिळविले. आजही धनगरांचा संसार पाठीवर घेऊन ती रानोमाळ हिंडते, आणि अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून तिची सरकारदरबारी नोंदही झाली आहे. उंचीने ती थोराड नव्हे. परंतु रिकिबीत पाय घालून वर चढू पाहणाऱ्या मुलाला ती नारळाच्या झाडाएवढी वाटली. लाकडी घोड्याला पाय असतात ते नाचणाऱ्याचेच. तो दचकत नाही, शिंकत नाही, मान वळवून आपल्याकडे पाहत नाही. हिने पाहिले, आणि त्या मोठ्या काळ्याभोर डोळ्यात मुलाला स्वतःची इवलीशी प्रतिमा दिसली.

शिकविणारे उस्ताद ६१व्या घोडदळातून निवृत्त झालेले होते. संस्थानी फौजांतील घोडदळे एकत्र करून १९५३ मध्ये हे दल उभारले गेले आणि जयपूर हे त्याचे ठाणे झाले. उस्ताद रिंगणाच्या मध्यभागी लांब दोर धरून उभे राहत आणि घोडी त्यांच्याभोवती फिरत असे. कठड्यावर बाकीची मुले आपली पाळी येईपर्यंत बसून राहत. या मुलाला घोडीपेक्षा त्या कठड्याचीच अधिक भीती वाटे. पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडून ‘घोडो’ असा घरचा शब्द निसटला होता आणि कठडा खदखदून हसला होता. त्या दिवसापासून त्याचा आवाज जो घशात रुतला, तो काही केल्या बाहेर येईना. “चल!” असे इतर मुले खणखणीत ओरडत आणि त्यांची घोडी निघे. हा ओठांतल्या ओठांत “चल” म्हणे. घोडी एक कान मागे वळवी, क्षणभर थांबे आणि मान खाली घालून गवत खाऊ लागे.

पुढे दुडकी आली. घोड्याची साधी चाल चार ठोक्यांची. तीत स्वार डुलत राहतो. दुडकीत मात्र समोरासमोरचे तिरपे पाय जोडीने पडतात, दोनच ठोके होतात आणि पाठ खालून धक्के देऊ लागते. ज्याला त्या ठेक्यावर उठबस साधते त्याला सुख. न साधेल त्याची गत खडकाळ वाटेवरच्या रिकाम्या बैलगाडीतील मडक्यासारखी. मुलगा उसळे, आपटे, घाबरून गुडघे आवळी आणि लगाम ओढून धरी. तोंडातली कडी रुतली की घोडी मान झटके. तीन वेळा तो वाळूत पडला. पडल्याचे दुःख फारसे नव्हते, वाळू मऊ होती. उठून पुन्हा सर्वांच्या देखत घोडीपर्यंत चालत जाणे, ती दहा पावले, हे खरे दुःख होते.

त्याच सुमारास इतिहासाच्या तासाला श्रीअरविंदांची गोष्ट निघाली. इंग्लंडात आय. सी. एस.ची लेखी परीक्षा ते १८९० मध्ये वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. परंतु १८९२ मध्ये घोडेस्वारीच्या परीक्षेला ते उपस्थित राहिले नाहीत. ती नोकरी गेली आणि १८९३ मध्ये ते बडोद्याच्या महाराजांच्या सेवेत आले. मुले हसली. हा मुलगा हसला नाही. मोठ्या माणसांनाही ही वाट सापडते तर! त्या रात्री त्याने घरी पत्र लिहिले : मला येथून न्या. पाकीट बंद केले आणि पेटीच्या तळाशी ठेवले. टपालात टाकण्याच्या वेळी मात्र त्याच्या मनात एक विचार आडवा आला. श्रीअरविंदांना ती नोकरीच नको होती. आपल्याला घोडा नको आहे का? या प्रश्नाचे उत्तर त्याला देता येईना, म्हणून पत्र पेटीतच राहिले.

रविवारी दुपारी पागेत कोणी नसते. तेथे कठडा नाही आणि हसणारेही नाहीत, एवढ्याचसाठी तो तेथे जाऊ लागला. म्हाताऱ्या मोतद्दाराने त्याच्या हाती खरारा दिला. मानेपासून सुरुवात करावी, केसांच्या दिशेने हात चालवावा, मागून जावयाचे झाल्यास अंगावर हात ठेवून, बोलत बोलत जावे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांस असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. दिसत नाही ते कपाळासमोर अगदी जवळचे आणि शेपटीमागचे. जे दिसत नाही त्याचेच भय. वाऱ्याने कागदाचा एक कपटा उडाला, तशी ती घोडी थरारून बाजूला सरली. एवढे मोठे जनावर कागदाला भिते! मोतद्दार म्हणाला, “रानात जो आधी पळाला तो जगला, पोरा. तिच्या रक्तातच आहे ते.” मग एक माशी तिच्या कुशीवर बसली, आणि मुलाने पाहिले की, माशी बसली तेवढ्याच जागेची कातडी थरथरली. जिला माशीचे वजन कळते, तिला स्वाराची आवळलेली मांडी काय कळत नसेल!

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने अश्वारोहणावर एक लहानसे पुस्तक लिहिले. घोड्याशी कधीही रागाच्या भरात वागू नये, असा उपदेश त्याने आग्रहाने केला आहे. भीतीच्या भरात वागू नये, असेही त्याने लिहिले असते तर बरे झाले असते. परंतु सेनानींना ते सुचणे कठीण.

एके दिवशी उस्तादांनी रिंगण थांबविले. जवळ येऊन त्यांनी हळू आवाजात विचारले, “तू कोठला रे?”

“आरोंद्याचा.”

“तिकडे घोडे आहेत?”

“नाहीत, उस्ताद. खाडी आहे. आजोबांची होडी आहे.”

“लाट आली, होडी हलली, तर तू काय करतोस?”

मुलगा विचारात पडला. असा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. “काही नाही,” तो म्हणाला. “बसून राहतो. कंबर सैल सोडतो.”

“मग येथे का आवळतोस?” एवढेच बोलून उस्ताद पुन्हा मध्यभागी गेले.

घोडी निघाली. मुलाने डोळे क्षणभर मिटले. खालून धक्का आला, तो त्याने लाटेसारखा कमरेतून जाऊ दिला. दुसरा आला, तोही गेला. एक-दोन, एक-दोन, सात-आठ पावले तो आणि घोडी एकाच ठेक्यावर होती. आठव्या की नवव्या पावलाला कठड्याची आठवण झाली आणि सारे विसकटले. पण ती सात पावले झाली होती, याला घोडी साक्षी होती. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा पडला. त्यापुढच्या आठवड्यात रिंगणाची एक पूर्ण फेरी झाली. आवाज अजूनही मोठा निघत नव्हता. मात्र त्याच्या हळू “चल”ला घोडी आता दोन्ही कान वळवी, आणि बहुतेक वेळा निघेही. पेटीतील पाकीट त्याने फोडले. पत्राच्या कोऱ्या बाजूवर तिच्या चंदीच्या आणि पाण्याच्या वेळा लिहून काढल्या.

मे महिन्याच्या सुटीत तो घरी आला. संध्याकाळी आजोबांबरोबर होडीत बसला. ओहोटी लागली होती.

“घोड्यार बसलंस?” आजोबांनी विचारले.

“बसलंय.”

“पडलंस?”

“चार वेळा.”

“मगे?”

“परत बसलंय.”

आजोबांनी मान हलविली आणि वल्हे पाण्यात टाकले. शाळा उघडल्यावर दुडकीच्या पुढची, तीन ठोक्यांची दौड सुरू व्हावयाची होती. तोवर मांड विसरून चालणार नव्हते. मुलाने आडव्या फळीवर पाय नीट टेकले, पाठ ताठ केली आणि मनातल्या ठेक्यावर उठबस आरंभिली. एक-दोन, एक-दोन. होडी डचमळू लागली, पाणी काठावरून आत आले.

“होडी बुडयतलंस!” आजोबा ओरडले. मुलगा मोठ्याने हसला. तो आवाज पाण्यावरून पलीकडे पेडण्याच्या काठापर्यंत गेला असावा.