वीस रुपयांची पणती

शाळेच्या पटांगणात आनंदमेळा भरतो तेव्हा खरी गर्दी भेळेच्या आणि पाणीपुरीच्या टेबलांभोवती. हस्तकलेचा स्टॉल बहुधा कडेला, जिन्याच्या सावलीत. दोन बाकांवर घरातली धुतलेली चादर, तिच्यावर रंगवलेल्या पणत्या, लोकरीची तोरणं, आइस्क्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड, जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली पाकिटं. वर पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेलं असतं, ‘मदतनिधीसाठी’. पहिली अक्षरं ऐसपैस, शेवटची जागा न उरल्यामुळे अंग चोरून बसलेली. येणारी मोठी माणसं या सगळ्याचं कौतुक करतात, आणि माझी तक्रार नेमकी त्या कौतुकाबद्दल आहे. कौतुकापोटी घेतलेली पणती विकली जात नाही, तिच्यावर ओवाळणी पडते. पोरांनी दुकान मांडलेलं असतं आणि आपण ते भातुकलीत काढतो.

हिशेबच मांडून पाहू. समजा, ३ रुपयांच्या ५० साध्या पणत्या आणल्या, म्हणजे १५० झाले. रंग-ब्रशचे २००, टिकल्या, आरसे आणि गोंदाचे १५०. एकूण ५००. पणती २० रुपयांना लावली आणि ३० खपल्या, तर डब्यात ६०० पडतात. फळ्यावर ६००च लिहिले जातात आणि टाळ्याही तेवढ्याच पडतात. सामानाचे पैसे आईवडिलांच्या खिशातून गेलेले असल्यामुळे ते कुणी वजा करत नाही. खरी भर पडली १०० रुपयांची, आणि तीही बहुतेक त्याच आईवडिलांनी आपल्याच लेकरांची पणती विकत घेतल्यामुळे. यावर कुणीही शहाणा माणूस म्हणेल, मग सरळ वर्गणी काढा की! त्याच्या बाजूने महाराष्ट्राचा इतिहासही साक्ष देतो. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने टिकल्या चिकटवल्या नव्हत्या. माणसामागे एक पैसा मागितला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला. मुद्दा बिनतोड आहे. फक्त त्या पैशाचं पुढे काय झालं तेही पाहावं. त्या कारखान्यात काच बनवण्याचं शिक्षणही दिलं जाई. म्हणजे नुसती वर्गणी गोळा करणाऱ्यांनीही ती अखेर हातांना काम शिकवण्यातच घातली. पैसे उभे करण्याचं साधन म्हणून हा स्टॉल अडाणीच आहे, हे मी मान्य करतो. पण तो १०० रुपयांचा आकडा पोरांनी स्वतः काढला, तर त्या दुपारी त्यांच्या हाती वर्गणीपेक्षा जास्त काही लागतं. अडचण एवढीच, की तो आकडा आपण त्यांना काढू देत नाही. उत्साहावर पाणी पडेल म्हणतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मुलांना दुकानदार का करायचं? हा वाद जुनाच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण आणि त्याच उत्पन्नातून शाळेचा खर्च, अशी कल्पना मांडली. तिला आकार देणाऱ्या झाकिर हुसेन समितीनेच अहवालात बजावलं, की कमाईवर भर गेला तर शिक्षक मुलांकडून काम उपसण्याच्या मागे लागतील. ही भीती खोटी नव्हती. पण वर्षभर रोज सूत कातणं आणि वर्षातून एक दुपार पणत्या विकणं यांना एका तागडीत घालता येत नाही. शिवाय इथे धोका उलटा आहे. काम उपसलं जातं ते आईकडून, आदल्या रात्री अकरा वाजता. ज्या स्टॉलवर सगळ्या पणत्यांवरचे ठिपके सारख्या अंतरावर आहेत, तिथे मूल फक्त उभं आहे असं खुशाल समजावं. ठिपके वाकडे, एक आरसा निसटलेला, ही त्या वस्तूची खरी ओळख. आणि भाव ठरवताना तो निसटलेला आरसा हिशेबात धरावाच लागतो. एवढं करून ‘हाताने बनवलेली’ या पाटीतही थोडी लबाडी उरतेच. माती मळली, चाकावर घडवली, भाजली कुंभाराने. त्याच्या वाट्याला ३ रुपये, चमकीच्या वाट्याला १७. निधीच्या हिशेबात हे नाव कधी येत नाही.

म्हणून कौतुकाऐवजी घासाघीस करावी असं मला वाटतं. काकूंनी पणती उलटी करून पाहावी, रंग ओला आहे का ते बोट लावून तपासावं, “वीस कशाचे?” म्हणून विचारावं. पाचवीतल्या विक्रेतीला तेव्हा उत्तर द्यावं लागतं, आणि ‘मदतीसाठी’ हे उत्तर पुरत नाही. चार वाजता उन्हं उतरतात, माइकवर बक्षिसांची नावं सुरू होतात, चादरीवर वीस पणत्या तशाच असतात. पंधराला द्यायच्या, दहाला, की डब्यात घालून घरी न्यायच्या? बाकामागे डोकी एकत्र येतात. तेवढा वेळ तरी मोठ्यांनी मध्ये बोलू नये.