नळ आले की घर बोलतं

आपोआप सुरू होणारं यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं ते मामांच्या शेतात. यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची केळीची बाग आहे. विहिरीजवळच्या खोलीत स्टार्टरची लोखंडी पेटी, तिच्या शेजारी एक छोटी डबी. वीज आली की थोड्याच वेळात त्या डबीतून खटका पडायचा आणि मोटर चालू व्हायची. आमच्याकडे तिला सगळे नुसतं 'ऑटो' म्हणतात. शेतीची थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीच्या पाळीत वीज आली की कोणीतरी बॅटरी घेऊन बांधावरून जायचं. साप, विंचू, आणि डोंगराच्या कडेला बिबट्या. त्या भीतीतून ऑटो आला. पुढे सिम कार्ड घातलेला मोबाइल स्टार्टर आला. मामा खाटेवर पडूनच फोन लावायचे, अंक दाबायचे, आणि तिन्ही फेज आहेत की नाहीत हे पलीकडचा आवाज सांगायचा.

खानदेशातल्या शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचं वावडं कधीच नव्हतं. भवरलाल जैन यांनी जळगावातून ठिबक सिंचन घराघरांत नेलं, टिश्यू कल्चरची केळीची रोपं आली, ठिबकच्या नळीतूनच खत द्यायची पद्धत रुळली. कोणता व्हॉल्व्ह किती वेळ उघडायचा हे ठरवणारे कंट्रोलर मोठ्या बागांमधून बसले. म्हणून घराच्या ऑटोमेशनचं नाव काढल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर रंग बदलणारे दिवे आणि आपोआप सरकणारे पडदे येतात, तेव्हा मला वाईट वाटतं. आमच्याकडे हा विषय पाण्याचा, विजेचा आणि उन्हाचा आहे. मी जळगावात राहतो, नोकरी हिशेबाची करतो आणि उरलेल्या वेळात याच तीन गोष्टींसाठी सेन्सर, रिले आणि सॉफ्टवेअर जुळवत बसतो.

सुरुवात पाण्यापासून झाली. जळगाव शहराला वाघूर धरणातून पाणी येतं, पण नळ रोज येत नाहीत. ज्या दिवशी यायचे त्या दिवशीही वेळ मागेपुढे होते. नळ आले की पाणी जमिनीतल्या टाकीत घ्यायचं, मग मोटर लावून गच्चीवर चढवायचं. हे काम कोणाच्या वाट्याला येतं? घरात जी बाई असते तिच्या. माझ्या आईनं आयुष्यातल्या कितीतरी सकाळी नळाकडे कान लावून घालवल्या. लग्नाला जायचं तरी आधी 'आज नळ आहेत का' हा प्रश्न. हे ओझं यंत्राला उचलता येत असेल तर ते उचललंच पाहिजे, असं मला मनापासून वाटलं.

पाणी आलं हे ओळखणं सोपं वाटतं. बाजारात पाण्याचा प्रवाह मोजणारे छोटे सेन्सर मिळतात. आत एक भिंगरी असते, पाणी वाहिलं की ती फिरते. पण आमच्या नळाला पाण्याच्या आधी हवा येते. फुसफुस करत हवेचा झोत सुटतो आणि भिंगरी जोरात फिरू लागते. पाण्याचा पत्ता नसताना सेन्सर सांगतो, पाणी आलं. शिवाय गढूळ पाण्यातला गाळ त्या भिंगरीत अडकतो. म्हणून मी भिंगरी काढली आणि टाकीत पडणाऱ्या धारेखाली स्टीलच्या दोन पट्ट्या थोड्या अंतरावर बसवल्या. दोन्हींवर पाणी पडलं की त्यांच्यातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह जातो. हवा कितीही आली तरी पट्ट्या ओल्या होत नाहीत. त्यांना सतत वीज दिली तर त्या झिजतात, म्हणून त्यांना जोडलेला छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड काही सेकंदांनी क्षणभर वीज देतो, पाहतो आणि बंद करतो. इतकी साधी रचना आहे, आणि मला ती सगळ्यांत आवडते.

टाकीतली पातळी मोजायला अल्ट्रासोनिक सेन्सर आहे. तो ध्वनी सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. बंद टाकीत वाफ धरते, थेंब त्याच्या तोंडावर जमतात आणि मग तो अधूनमधून भलतंच अंतर सांगतो. त्यामुळे एका मोजमापावर विश्वास ठेवायचा नाही. लागोपाठ काही मोजमापं घ्यायची, चढत्या क्रमानं लावायची आणि मधलं उचलायचं. हे गणित शाळेतलंच, पण त्यानं मोटर वाचते.

मोटरचं दुसरं संकट म्हणजे कोरडं चालणं. टाकीतलं पाणी संपलं तरी मोटर फिरत राहिली तर सील जातं, मग वाइंडिंग. यावर उपाय विजेच्या तारेतच सापडतो. मोटरच्या एका तारेभोवती प्रवाह मोजणारी कडी बसवली आहे. पंप पाणी उचलत असतो तेव्हा तो जास्त अँपिअर घेतो. पाणी संपलं की भार कमी होतो आणि अँपिअर ठळकपणे उतरतात. ते उतरले की सॉफ्टवेअर मोटर बंद करतं. आणखी एक सांगतो, कारण यात आग लागू शकते: मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते, त्यामुळे ऑनलाइन मिळणारा छोटा रिले तिला थेट जोडू नये. रिलेनं काँटॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलणारा खटका, चालवावा आणि काँटॅक्टरनं मोटर. आमच्याकडे हे सगळं वायरिंग वायरमननं केलं, अर्थिंग तपासून.

नळ आल्याचं सांगायचं कोणी, हा पुढचा प्रश्न. फोनवर सूचना येते, पण आई फोन देवघरापाशी ठेवते आणि विसरते. बाजारातल्या बोलक्या स्पीकरपैकी हिंदी समजणारे आहेत. मराठीला फोनवरच्या गूगल असिस्टंटनं २०१८ साली जागा दिली. पण आई बोलते ती लेवा गणबोली, आणि ती कुठल्याच यंत्राला अजून कळत नाही. बहिणाबाईंच्या आसोद्याच्या मातीतली ही बोली. त्यांचं नाव आमच्या विद्यापीठाला आहे, यंत्रांना मात्र ती बोली शिकवायची राहिली आहे, आणि याची मला खरंच खंत वाटते. मी आईलाच बोलायला लावलं. तिच्या आवाजात एक वाक्य रेकॉर्ड केलं: "नळ आले रे, पानी भरून घ्या." आता धारेखालच्या पट्ट्या ओल्या झाल्या की स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरमधून आईचा आवाज येतो. शेजारच्या वहिनी तो खिडकीतून ऐकतात आणि त्याही मोटर लावायला उठतात.

या सगळ्याचा मेंदू जिन्याखाली आहे: रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, त्यावर होम असिस्टंट. पॉलस स्काउटसेन या तरुणानं २०१३ मध्ये हे सॉफ्टवेअर लिहायला सुरुवात केली; ते मुक्त आहे, जगभरचे लोक त्यात भर घालतात. सेन्सर आणि मेंदू यांच्यात निरोपांची ने-आण एमक्यूटीटी या पद्धतीनं होते. ती १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवण्यासाठी अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तयार केली. उपग्रहाचा महागडा, अडखळता संपर्क असतानाही कमीत कमी शब्दांत निरोप पोहोचावा हा तिचा हेतू होता. वाळवंटातल्या तेलासाठी जे केलं ते आमच्या टाकीतल्या पाण्याला लागू पडतं, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

मी मुक्त सॉफ्टवेअरकडे वळलो त्याला एक कारण घडलं. एका कंपनीचे वायफाय प्लग आम्ही बरेच घेतले होते. बटण घरात दाबायचं, पण हुकूम जायचा कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर आणि तिथून परत आमच्या दिव्याकडे. पावसाळ्यात केबल तुटली की दिवा फोनवरून लागेना. मग एके दिवशी कंपनीनं ती सेवाच बंद केली. चांगले चालणारे प्लग, आतला रिले धडधाकट, पण त्यांना सांगणारं कोणी उरलं नाही. विकत घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या मर्जीवर जगते हे मला सहन झालं नाही. तेव्हापासून आमच्या घरी जे येतं ते इंटरनेटशिवाय चालतं. ईएसपी ८२६६ ही स्वस्त वायफाय चिप २०१४ च्या सुमारास हौशी लोकांच्या हाती आली आणि हे सामान्य पगारदाराला परवडू लागलं. अडॅप्टर, वायर, डब्या गोलाणी मार्केटमधून आणतो. बोर्ड कुरिअरनं येतात.

विजेचं आमच्याकडे वेगळं शास्त्र आहे. उन्हाळ्यात लाईट जाते, येते, परत जाते. रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डाला हे झेपत नाही. लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड बिघडतं. म्हणून एसएसडी लावली आणि पाय व राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. छताचे पंखे कमी वीज खाणारे बीएलडीसी केले. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, हा तिशीच्या आसपास. मे महिन्यातल्या रात्री इन्व्हर्टरवर हा फरक झोपेचा फरक असतो.

आणि ऊन. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या डबीत कोणताही बोर्ड टिकत नाही. म्हणून वर फक्त सेन्सर, बाकी सगळं जिन्याखाली. तिथेही पायचं तापमान मी रोज पाहतो, कारण ८० अंश झाले की तो स्वतःहून मंद होतो.

कूलरबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण खानदेशातल्या बहुतेक घरांचा उन्हाळा त्यावरच जातो. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनानं हवा गार करतो. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. मेमध्ये दुपारी ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या ताट्यांमधून जाणारी हवा सिद्धांतानं २३ अंशांच्या आसपास उतरू शकते. जूनमध्ये पावसाआधी ३८ अंश आणि आर्द्रता ५० टक्के झाली, की ती २९ च्या खाली जाऊच शकत नाही, वर खोलीत चिकचिक. कूलर तोच, पाणी तेच, तरी 'यंदा कूलर गार करत नाही' अशी तक्रार दर जूनमध्ये का ऐकू येते, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. आमच्या कूलरचा पंप आणि पंखा वेगळे केले आहेत. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की पंप थांबतो, पंखा फिरत राहतो. कोरड्या दिवसांतही पंप सतत चालत नाही. ताट्या भिजल्या की थांबतो, सुकायला लागल्या की पुन्हा सुरू. जिथे नळाची वाट पाहावी लागते तिथे कूलरचं पाणी वाचवणं ही चैन नाही, गरज आहे.

बटणांबाबत घरात एक नियम आहे: भिंतीवरचं बटण कधीही मरता कामा नये. सॉफ्टवेअर बंद पडलं, पाय बंद पडला, मी गावाला गेलो, तरी आईनं बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे. रिले बोर्डाच्या मागे आहे, पुढचं बटण जुनंच. परदेशी व्हिडिओंमध्ये अशा रिलेला लागणारी न्यूट्रल तार नसल्याची रडकथा ऐकून बरेच जण घाबरतात. आपल्याकडे बहुतेक बोर्डांवर दिव्याच्या बटणांसोबत प्लग पॉइंट असतो, म्हणून न्यूट्रल तिथेच हजर असते. वायरमनकडून तपासून घ्यावं.

गेल्या वर्षी घरात शिकलेलं हे शहाणपण मी उलट शेतात नेलं. साध्या ऑटोचा मोठा दोष असा, की वीज आल्याबरोबर एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. तेवढा भार एका क्षणी पडला की ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि केळीला ऐन उन्हात पाणी मिळत नाही. महावितरण ऑटो काढा, कपॅसिटर बसवा असं सांगतं ते याचसाठी. मोबाइल स्टार्टरमध्ये वीज आल्यावर किती वेळ थांबायचं हे ठरवता येतं. मामा आणि शेजारचे शेतकरी एकत्र बसले आणि प्रत्येकानं वेगळी वेळ लावली: कोणी दोन मिनिटं, कोणी चार, कोणी सहा. एका पैशाचा खर्च नाही. माझ्या घरातल्या सगळ्या वायरिंगपेक्षा मला त्या बैठकीचं मोल जास्त वाटतं.

तुम्ही असं काही घ्यायला निघाला असाल तर एक विनंती आहे. दुकानदाराला वस्तू जोडून दाखवायला सांगा आणि मग दुकानाचं इंटरनेट बंद करायला लावा. दिवा तरीही लागला, तरच पैसे द्या.