दुसरे व्हायोलिन

संगीताने मनाच्या जखमा भरून येतात, असे आपण सहज बोलून जातो. आम्हीही प्रवचनांतून हे अनेकदा सांगितले आहे. दावीदाने वीणा वाजवावी आणि शौल राजाच्या मनावरील सावट दूर व्हावे, हा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील प्रसंग त्यासाठी हाताशी असतोच. पण त्याच पुस्तकात थोडे पुढे, तोच दावीद तशीच वीणा वाजवीत असताना शौलाने त्याच्यावर भाला फेकला, हे आम्ही कधी सांगितले नाही. का सांगितले नाही, याचा विचार गेल्या काही वर्षांत आम्हांला करावा लागला. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

आमचे बालपण वसईच्या एका वाडीत गेले. नवव्या वर्षी आई वारली आणि वडिलांनी आम्हांला शिक्षणासाठी दूरच्या एका वसतिगृहात ठेवले. आई गेल्यामुळे असेल, आम्ही रात्री अंथरूण ओले करू लागलो. तेथील गृहपालांचा उपाय ठरलेला होता. पहाटे सर्व मुलांना व्हरांड्यात उभे करून, ओली चादर आमच्या खांद्यावर टाकून, ते तळहातांवर वेताचे फटके देत. फटके आम्हीच मोठ्याने मोजावयाचे. आकडा चुकला की पुन्हा एकापासून आरंभ. काही महिन्यांनी 'तीन' हा आकडा तोंडातून निघेना. मग 'त'ने सुरू होणारे सारेच शब्द अडू लागले. दोन वर्षांनी कायमचे घरी परतलो तेव्हा वाडीतील मुलांनी 'तोतऱ्या' हे नाव ठेवले, आणि आम्ही बोलणेच सोडले.

आजीला लिहितावाचता येत नव्हते, पण नातवाला काय हवे हे तिला कळले. तिने एके दिवशी कोंबड्यांची अंडी टोपलीत घातली आणि आम्हांला मास्तरांकडे नेले.

मास्तर मूळचे गोव्यातील सासष्टीचे. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. त्या शाळांतून तयार झालेले कितीतरी वादक पुढे मुंबईत चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतील नामवंत. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील गाण्यात गुरूचे नाव घरोघरी पोहोचविले, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. आमचे मास्तर इतके मोठे नव्हते. स्टुडिओत मागच्या रांगेत बसून त्यांनी उमेदीची वर्षे काढली आणि म्हातारपणी ते मुलीकडे वसईस येऊन राहिले.

पहिले तीन महिने त्यांनी व्हायोलिनला हात लावू दिला नाही. "आदीं गाय, मागीर वाजय," असे त्यांचे म्हणणे. हाताने ताल धरून दो, रे, मी गावयाचे. आम्ही घाबरून उभे होतो, कारण गाणे म्हणजे तोंड उघडणे आले. पण एक नवल घडले. गाताना आम्ही अडखळलो नाही. पुढे सेमिनरीत असताना वाचनात आले की बोलताना अडखळणारी बहुतेक माणसे गाताना अडखळत नाहीत. स्वर लांबविला जातो, श्वासाला आणि शब्दाला तालाचा आधार मिळतो, म्हणून असे होते म्हणतात. त्या दिवशी आम्हांला एवढेच कळले की मास्तरांच्या तीन मात्रांच्या तालात आमच्या तोंडून 'तीन' निघाला होता.

मास्तरांना एक सवय होती. ताल देताना ते हातातील वेताची छडी स्टँडवर आपटीत. एके संध्याकाळी वाजविताना आमच्या व्हायोलिनची वरची तार तटकन तुटली, आणि त्याच क्षणी मास्तरांची छडी वर होती. आम्ही व्हायोलिन मांडीवर टाकून दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले. किती वेळ तसे बसलो होतो कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा मास्तर नवी तार चढवीत होते. त्यांनी काहीही विचारले नाही. मात्र पुढच्या रविवारी छडी खोलीत नव्हती. त्यानंतर ते मरेपर्यंत स्वतःच्या गुडघ्यावर तळहाताने ताल देत.

ज्या तळहातांवर वेत बसले होते, त्यांतील एकात आता गज होता. आवाज केव्हा काढावयाचा आणि केव्हा थांबवावयाचा हे आम्ही ठरवीत होतो. हे लहानसे वाटेल, पण ज्या मुलाच्या देहावर दुसऱ्याची सत्ता चालली आहे त्याला ते लहान वाटत नाही. आम्ही हळूहळू बोलू लागलो. सेमिनरीत गेलो, दीक्षा झाली. सुरुवातीच्या वर्षांत ख्रिस्तयागातील पुष्कळशा प्रार्थना आम्ही गाऊनच म्हणत असू. फादरांना संगीताची फार आवड, असे भाविक कौतुकाने म्हणत. खरे कारण 'त' होते.

येथवर ही गोष्ट सुखाची आहे, आणि तिच्या सुखानेच आमची चूक घडविली.

१९९८ साली आम्ही एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. गायकवृंदात बावीस वर्षांचा एक तरुण दुसरे व्हायोलिन वाजवीत असे. हात उत्तम, स्वभाव अबोल. नाताळच्या सरावानंतर एके रात्री तो मागे राहिला आणि जिन्यावर उभ्याउभ्या त्याने आम्हांला सांगितले की तो आठ वर्षांचा असल्यापासून घरी येणाऱ्या एका वडीलधाऱ्या माणसाने त्याच्याशी काय केले. हे पापनिवेदनात सांगितलेले नव्हते, आणि येथे आम्ही लिहितो आहोत ते त्याच्या अनुमतीने. आमची छाती धडधडू लागली. काहीतरी चांगले बोलावे म्हणून आम्ही म्हणालो, "झाले ते प्रभूला अर्पण कर. आणि व्हायोलिन सोडू नकोस. वाजवीत राहा. आम्हीही त्यानेच बरे झालो."

त्याने मान डोलाविली. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला त्याची खुर्ची रिकामी होती. पुढे तो आखाती देशात गेल्याचे कळले. वर्षे लोटली. आपण त्याला योग्य सल्ला दिला होता याविषयी आमच्या मनात शंका नव्हती.

२०२० सालच्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद असताना भाच्याने दिलेले एक पुस्तक आम्ही हाती घेतले. जेम्स ऱ्होड्स या इंग्रज पियानोवादकाचे 'इन्स्ट्रुमेंटल' हे आत्मकथन. त्यातील भाषा शिवराळ आहे आणि प्रसंग भयंकर आहेत, तेव्हा ते मुलांच्या हाती देऊ नये. पण मोठ्यांनी, विशेषतः आमच्यासारख्यांनी, वाचावे. लंडनच्या शाळेत सहाव्या वर्षापासून सुमारे पाच वर्षे व्यायामशिक्षकाने या मुलावर अत्याचार केले. त्याच्या पाठीच्या कण्यावर पुढे शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. सातव्या वर्षी घरात त्याला एक कॅसेट सापडली. तीत बाखचे 'शाकॉन' होते, मूळ व्हायोलिनचे, बुसोनीने पियानोसाठी बांधलेले. त्या मुलाला लपावयास जागा मिळाली.

बाखविषयी येथे दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. दहावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच त्याचे आई आणि वडील दोघेही वारले होते. थोरल्या भावाने त्याला आश्रय दिला आणि वाद्य शिकविले. १७२० मध्ये तो राजपुत्राबरोबर परगावी गेला असता मागे पत्नी वारली. परतला तेव्हा तिचे दफनही उरकले होते. 'शाकॉन' ज्या संग्रहात आहे त्याची त्याच्या हातची प्रत त्याच वर्षीची आहे. पत्नीच्या स्मरणार्थ ते रचले असे काही जण म्हणतात, त्याला पुरावा नाही. रचना मात्र अशी आहे: चार बारांचे एक वाक्य पुन्हा पुन्हा येते, साठाहून अधिक वेळा, आणि दर वेळी निराळे होऊन येते. मध्ये डी मेजरचा उजेड पडतो. वाटते, आता दुःख सरले. पण नाही. शेवट पुन्हा डी मायनरमध्येच होतो. आम्ही या रचनेचे पहिले पान कसेबसे वाजवू शकतो, त्यापुढे बोटे चालत नाहीत.

तर ऱ्होड्स. संगीताने त्याला वाचविले, असे पुस्तकाच्या वेष्टनावरून वाटते. आत निराळे आहे. अठराव्या वर्षी त्याने पियानो सोडला, तो दहा वर्षे. त्या सर्व काळात त्याने कोणाला खरे सांगितले नव्हते. स्वतःचा मुलगा त्या वयाकडे सरकू लागला तेव्हा तो कोसळला, स्वतःच्या देहाला इजा करू लागला, मनोरुग्णालयात गेला. तेथे बाहेरच्या वस्तूंना बंदी होती. एका मित्राने शॅम्पूच्या बाटलीत लपवून छोटे गाणीयंत्र आत नेले, आणि ग्लेन गूल्डने वाजविलेला बाख ऐकून तो पुन्हा पियानोकडे वळला. पण त्याबरोबर तो बोललाही. ते पुस्तक छापले जाऊ नये, लहान मुलाच्या मनावर आघात होईल, म्हणून न्यायालयाने मनाई केली होती. २० मे २०१५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उठविली. पुढे तो स्पेनमध्ये स्थायिक झाला आणि मुलांच्या संरक्षणाच्या कायद्यासाठी झटला. २०२१ च्या त्या कायद्याने अशा गंभीर गुन्ह्यांत तक्रारीची मुदत पीडित व्यक्ती पस्तीस वर्षांची झाल्यावरच मोजावयास लागते. आठ वर्षांच्या मुलाला जे सांगावयाचे असते त्याला कधीकधी इतकी वर्षे लागतात, हे कायद्यानेही मान्य केले.

पण आमची झोप उडविली ती त्या शाळेतील एका शिक्षिकेने. मूल रडत होते, त्याच्या पायांवर रक्त होते, हे तिने पाहिले होते. तिने ते बोलूनही दाखविले होते, पण मुलाने कणखर झाले पाहिजे अशी तिची समजूत काढण्यात आली. कित्येक वर्षांनी ऱ्होड्सची मुलाखत वाचून ती पुढे आली आणि तिने पोलिसांपुढे जबाब दिला. तो शिक्षक पकडला गेला, मात्र शिक्षा होण्यापूर्वीच मरण पावला.

ती निदान पुढे आली. आम्ही कोठे गेलो होतो?

टाळेबंदी उठल्यावर आम्ही त्या तरुणाचा पत्ता काढला. तरुण कसला, केस पिकलेला गृहस्थ. आखातातून परतून त्याला सात वर्षे झाली होती आणि तो आमच्यापासून दोन स्टेशनांवर राहत होता. त्याच्या ओसरीवर बसून आम्ही 'त्या रात्री' असा आरंभ केला, आणि कित्येक वर्षांनी 'त' अडला. तो शांत बसून राहिला. वाक्य पुरे होण्यास बराच वेळ लागला. क्षमा मागून झाल्यावर तो म्हणाला, "फादर, तुम्ही मला वाजव म्हणालात. मी त्याचा अर्थ गप्प बस असा घेतला."

आम्ही तसे म्हणालो नव्हतो, असे म्हणण्याचा मोह झाला. पण त्याचेच ऐकणे खरे होते. आमच्या मास्तरांनी आम्हांला नुसते वाजवावयास लावले नव्हते. त्यांनी छडी बाजूला ठेवली होती. आम्ही काहीच बाजूला ठेवले नव्हते. त्या माणसाचे नाव विचारले नाही, त्याच्या येण्याजाण्याच्या घरांत आणखी मुले आहेत काय हे विचारले नाही. तो माणूस पुढे प्रतिष्ठेने वारला आणि त्याच्या अंत्यविधीला आम्हीही गेलो होतो, हे त्या ओसरीवर आम्हांला कळले. आज लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा आहे. मुलावरील अत्याचार ठाऊक असून तो न कळविणे हा त्यानुसार गुन्हा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर, धर्मसेवकाने केलेला अत्याचार समजल्यास तो कळविण्याचे बंधन घातले. १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आता आमच्या धर्मग्रामात धर्मशिक्षणाच्या प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर आहे. पण १९९८ साली कायदा नव्हता म्हणून आम्ही ऐकले नाही, असे म्हणणे खोटे होईल.

आखातात असताना त्याने प्रथम पत्नीला सांगितले होते, मग सुट्टीवर आल्यावर मुंबईच्या एका समुपदेशिकेला. व्हायोलिन मात्र त्या नाताळापासून पेटीतच होते. निरोप घेताना त्याने ते कपाटावरून काढून दाखविले. पेटी उघडली तर गजाचे सारे केस तुटून लोंबत होते. बंद पेटीच्या अंधारात बारीक किडे होतात आणि गजाचे केस खातात. वाजविणाऱ्याला हे ठाऊक असते, त्यालाही होते. लाकूड शाबूत होते. पुढल्या महिन्यात त्याने गजाला नवे केस भरून घेतले, ते आमच्या सांगण्यावरून नव्हे.

गेल्या वर्षापासून तो आमच्या चर्चमध्ये शनिवारी सात मुलांना शिकवितो. दार उघडे असावे आणि एखादी आई आत बसलेली असावी, हा आग्रह त्याचाच. मुले गेल्यावर आम्ही दोघे बाखच्या दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्तोतील मधला संथ भाग काढतो. पहिले व्हायोलिन त्याने आमच्याकडे दिले आहे, वयाचा मान म्हणून. त्या भागात दुसरे व्हायोलिन आधी सुरू होते. पहिल्याने दोन बार गज उचलावयाचा नसतो.